दंडाचं रजिस्टर

तालुक्याच्या अभिलेख कोठडीत चार राज्यं राहतात.
बस्त्यावर आधी मध्यप्रांत व वऱ्हाड,
ते खोडून मध्यप्रदेश,
मग निळ्या शाईत मुंबई,
मग रबरी शिक्क्याने महाराष्ट्र.
कपाट मात्र कुठेच गेलं नाही.
त्याचा डावा पाय तेवढा वाळवीने नेला,
तिथे मी विधानसभेच्या कामकाजाचे चार खंड लावलेत.
भक्कम आहेत.

मी कंत्राटी. पानामागे एक रुपया दहा पैसे.
वीज असेल तेव्हा स्कॅन करते,
नसेल तेव्हा वाचते. वाचण्याचे पैसे नाहीत.

जिनातल्या संपाची फाईल मी अशीच वाचली, बिनपैशाची.
जानेवारी सेहेचाळीस.
भाषण करणारे पाच इसम:
नाव, बापाचं नाव, जात, उंची,
एकाच्या डाव्या भुवईवरचा तीळसुद्धा.
आणि शेवटच्या ओळीत, जागा उरली म्हणून:
तसेच स्त्रिया, अंदाजे चाळीस.

अंदाजे.

कंपनीच्या वह्या त्याच कपाटात, खालच्या फळीवर.
बॉयलर कुठून आला, बावीस बैलजोड्यांनी
नाल्याच्या उतारावर कसा धरून ठेवला,
बैलांच्या पेंडीचा खर्च, पैसा अन् पैसा.
रेच्यांना नंबर, एक ते चोवीस.
आणि रेच्यांवरच्या बायांच्या हजेरीत
पहिल्या ओळीला ‘बाई’,
त्याखाली पानभर
वरीलप्रमाणे
वरीलप्रमाणे
वरीलप्रमाणे.

मग ते लाल बांधणीचं सापडलं.
त्यात सरकी होती, दोन दाणे, शिवणीत अडकलेले.
दंड कुणाच्या तरी मजुरीतून कापायचा असतो,
तिथे ‘वरीलप्रमाणे’ चालत नाही.
म्हणून तिथे सगळ्या होत्या.
चंद्रभागा गणू, रेच्यावर बोलली, एक आणा.
सुंद्री लक्षिमन, हसली, एक आणा.
(दुसऱ्या दिवशी पुन्हा सुंद्री, पुन्हा हसली, दोन आणे.)
येसू कोंडू, पाणी प्यायला न विचारता गेली.
संपाच्या तारखेला कारकुनाचं अक्षर घाईचं,
कारण सगळ्यांचं एकच: काम बंद ठेवले.
मी बोट ठेवून मोजल्या.
त्रेचाळीस.

इथे येणारे सगळे पन्नासच्या आधीचा पुरावा मागतात,
जातपडताळणीला, शिष्यवृत्तीला, सातबाऱ्याच्या भांडणाला.
वच्छलाबाई इंगोले आल्या तर मी छापील अर्ज पुढे केला.
त्यांनी तो घडी करून पंख्यासारखा हलवला.
‘मले कागद नाई पाह्यजे वं.
माह्या मायचं नाव कुठी हाये का, थे पाय.
कौतिका. कौतिका पैकू.’

पान एकशे बारा.
कौतिका पैकू तायडे, रेचा नंबर नऊ,
काम सोडून झोळीजवळ उभी राहिली,
दंड दोन आणे.

मी वाचलं. त्या काही बोलल्या नाहीत.
चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला,
आणि अक्षरांवरून नाही,
अक्षरांच्या वरून, एक वीत अंतर ठेवून
हात फिरवला.

‘त्या झोयीत मीच व्हती,’ म्हणाल्या.
‘धाकले त इतंच संपले सारे.
कापूस नाकात जाये, रडो मी.’

मी म्हटलं, झेरॉक्स देते, दोन रुपये.
त्या हसायच्या बेतात होत्या.
‘दोन आण्याचे दोन रुपये झाले काय!’
मग एकदम वाकून, हळूच,
जशी काही बाहेर मुकादम उभा आहे:
‘भरला का वं तिनं थो दंड?’

रकाने पाच होते. शेवटचा ‘वसूल’.
सुंद्रीसमोर बरोबरची खूण. चंद्रभागेसमोर खूण.
कौतिकासमोर
कागद. नुसता कागद, पिवळा.
‘नाही,’ म्हटलं. ‘भरलेला दिसत नाही.’

भेटीच्या वहीत, कामाच्या रकान्यात,
त्यांनी एकेक अक्षर जोडत लिहिलं:
मायले पाहाले.

आणि मग हसल्या. दार ओलांडताना,
मोठ्याने, सगळं कपाट ऐकेल एवढ्याने.

आमच्या कोठडीत पाटी आहे, शांतता राखा.
मी मान वर केली नाही.
मी सुतळी शोधत होते.